मोहाची कॅसेट

आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला तो जवाहरनगरहून, मामाच्या क्वार्टरमधून. मामानं नवा सेट घेतला आणि जुना आम्हाला दिला. बाबांनी तो चादरीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून आणला आणि आसगावच्या पुढची वाट पायी चालताना या खांद्यावरून त्या खांद्यावर बदलत राहिले. आमची टोली जंगलाला लागून होती. दहा-बारा घरं, मागं तळं, तळ्याच्या पाळीपलीकडे धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की थेट साग, ऐन, तेंदू. बाबा लाखनीला राइस मिलमध्ये होते, आठवड्यातून एकदा यायचे. एरवी घरात माय आणि मी. त्या घरात तोवर जे आवाज होते ते जात्याचे, कोंबड्यांचे, चुलीवर रटरटणाऱ्या लाखोरीच्या डाळीचे आणि मायच्या खोकल्याचे. टेप आला आणि घर बोलकं झालं. सेल संपत आले की गाणं ओढल्यासारखं, झोपाळल्यासारखं वाजायचं. मग मी सेल काढून कौलांवर उन्हात ठेवायची. तापले की त्यांच्यात अजून थोडा जीव यायचा.

मामानं चार-सहा जुन्या कॅसेटी दिल्या होत्या. त्यांच्यावरच मी माझी गाणी भरायला शिकले. टेपमध्येच रेडिओ होता. गाणं सुरू होण्याआधी निवेदिका बोलायची, तेव्हा दोन्ही बटणांवर बोटं ठेवून श्वास रोखून बसायचं आणि तिचं बोलणं संपलं रे संपलं की दाबायचं. एक कॅसेट रोवणीची केली. चिखलात वाकून धान लावणाऱ्या बायांची पाठ दुखू नये अशी, ठेका धरणाऱ्या गाण्यांची. बाबा यायचे त्या दिवसाची वेगळी होती. तिच्यात सगळी संथ गाणी, कारण मिलच्या घरघरीनं त्यांचं डोकं भणभणलेलं असायचं. पाहुण्यांची एक होती, तिच्यात भजनं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली तेव्हा मी टेप उचलून नेला आणि दंडारीचं नाचगाणं सुरू असताना मंचाच्या पायाशी बसून सबंध कॅसेट भरून आणली. तीत गाण्यांपेक्षा माणसांचा गलकाच जास्त होता, पण माय तीच कॅसेट पुन्हा पुन्हा मागायची. कोणत्या वेळी काय लावायचं हे टोलीतली माणसं मला विचारू लागली. बारशाला, साक्षगंधाला, कुणी आजारी पडलं तर निरोप यायचा, "मंदीले म्हणा टेप घेऊन ये." मी सोळाची होते आणि आपण कुणीतरी आहोत असं मला पहिल्यांदा वाटत होतं.

माझी नात आज हेच फोनवर करते. चालायला जातानाची यादी वेगळी, अभ्यासाची वेगळी, मन उदास असतानाची वेगळी. परवा म्हणाली, "आजी, तुले कोणत्या मूडची बनवून देऊ?" मी म्हटलं, "मले भेवाची नको देऊ." ती हसली. भीतीची कुणी यादी करतं का, म्हणाली. तिला काय सांगणार. मी केली होती. आणि जीव ओतून केली होती.

फाल्गुन लागला की मोहाची फुलं गळायला लागतात. पहाटेपासून गळतात, ऊन चढलं की थांबतात, म्हणून उजाडता उजाडता झाडाखाली पोचावं लागतं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करायची, मग त्या राखेवर पडलेली फुलं वाकून वाकून वेचायची. महिनाभर सगळ्या अंगणांत फुलं वाळत असायची आणि सगळ्या टोलीला तो गोड, आंबूस, डोकं जड करणारा वास यायचा. त्या वर्षी फुलं गळायला सुरुवात होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, शेजारच्या भागरताकाकूची जाऊ सायत्रा झाडाखालून परत आली नाही. माणसं शोधायला गेली. ती सापडली ते मी पाहिलं नाही, मला पाहू दिलं नाही. पण तिची टोपली कुणीतरी परत आणून भागरताकाकूच्या अंगणात ठेवली होती. तळाशी फुलं तशीच होती. सांजेपर्यंत ती टोपली कुणी हलवली नाही. शेळ्या आल्या, त्यांनी हुंगली आणि त्याही बाजूनं गेल्या. मला पाण्याला जायचं तर त्या अंगणासमोरूनच जावं लागे. मी डोळे मिटून जायची, आणि डोळे मिटले की टोपली जास्तच दिसायची.

नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा गार्ड, येऊन सांगून गेला की कुणी आत जायचं नाही. दोन दिवस कुणी गेलं नाही. झाडाखाली फुलांचा सडा पडत होता आणि तो सांबरं, अस्वलं खाऊन जात होती. तिसऱ्या दिवशी बाया आमच्या ओसरीवर जमल्या. वाघाचं नाव कुणी घेत नव्हतं. सगळं बोलणं 'तो' म्हणूनच चाललं होतं. कुणी म्हणालं डबे वाजवू, कुणी म्हणालं माणसं सोबत घेऊ. पण माणसं मिलमध्ये, विटाभट्टीवर गेलेली. तेव्हा माय माझ्याकडे वळून म्हणाली, "मंदे, टेप नेऊ आपण. गलका असला का तो जवळ नाई येत. पण अशी कॅसेट भर का मधात उगी रायलीच नाई पायजे."

मी ती कॅसेट दोन दिवस भरत होते. आजवर गाणी निवडताना मनात माणसं असायची, की हे बाबांना आवडेल, हे बायांना. आता प्रत्येक गाणं मी त्याच्या कानांनी ऐकत होते. याचा सुरुवातीचा बासरीचा सूर फार हळू आहे, तेवढ्यात तो येईल. या कडव्याआधी गायक श्वास घेतो, तेवढ्यात येईल. बासरी मी गाळली, सतार गाळली, आईच्या मायेची गाणी तर सगळीच गाळली. टाळ्यांच्या कव्वाल्या घेतल्या, लग्नातल्या बँडची गाणी घेतली, लावणीतला ढोलकीचा तुकडा घेतला. एक गाणं संपतं न संपतं तोच दुसरं सुरू व्हावं म्हणून पुन्हा पुन्हा मागं नेऊन, बोटानं चकती फिरवून जागा जुळवल्या. कॅसेट ऐकताना मीच अधूनमधून मागं वळून पाहायची. त्यातलं एक गाणं माझ्या आवडीचं होतं, मैत्रिणीच्या लग्नात आम्ही त्यावर नाचलो होतो. आजही ते कुठं लागलं तर मला तिथं बसवत नाही. परवा एका हॉलमध्ये लागलं तेव्हा मी ताट खाली ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले.

मग आम्ही जाऊ लागलो. मी, माय, भागरताकाकू आणि टोलीतल्या आणखी तिघी-चौघी. सायत्रा गेली म्हणून काकूनं घरी बसावं असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती टोपली घेऊन निघाली. तीच टोपली होती. टेप मी डोक्यावर धरायची. टोली सोडली की बटण दाबायची आणि कव्वालीच्या टाळ्या वाजवत आमची ती विचित्र वरात जंगलात शिरायची. आमच्या झाडांच्या मधोमध एक जुनं वारूळ होतं, त्यावर टेप ठेवायचा. आवाज पुरा मोठा. एक बाजू संपत आली की मी धावत जाऊन कॅसेट उलटी करायची. ते माझं काम होतं, वेचण्यापेक्षा मोठं काम. मायचा अर्धा जीव फुलांत आणि अर्धा टेपात असायचा. बाजू उलटायला मला क्षणभर उशीर झाला की ती वाकल्या वाकल्या म्हणायची, "मंदे." एवढंच. चार-पाच दिवस काही झालं नाही. बायांना धीर आला. कुणी गाण्यासोबत गुणगुणू लागलं. मी मात्र रोज पहाटेची भाकरी कोंबड्यांना टाकून निघायची.

त्या दिवशी फुलं फार पडली होती. राख दिसत नव्हती इतकी. मायचं झाड कडेचं, त्याच्यामागं तेंदूची झुडपं सुरू व्हायची, कोवळ्या तांबूस पालवीची. मी तिच्यापासून थोड्या अंतरावर दुसऱ्या झाडाखाली होते आणि वेचता वेचता वारुळापासून दूर सरकले होते. बँडचं गाणं वाजत होतं. ते संपलं आणि टेप खट् करून थांबला. बाजू संपली होती. मी टोपली ठेवून उठले आणि तशीच उभी राहिले. कारण शांत झाल्याबरोबर वांदरांचा आवाज आला.

वांदरं खाकरल्यासारखी ओरडत होती. खॅक, खॅक, खॅक. एकाच झाडावर सगळी चढून बसली होती आणि सगळ्यांची तोंडं खाली, एकाच बाजूला होती. दूर कुठं चितळ एकेक हाक देत होतं. त्या हाका नुकत्याच सुरू झालेल्या नव्हत्या. अशा दमलेल्या, लयीत पडलेल्या हाका बऱ्याच वेळाच्या असतात. आम्ही बँड ऐकत होतो तेव्हापासून ती ओरडत असणार. वांदरं पाहत होती तिकडं मी पाहिलं. आधी मला काहीच दिसलं नाही. तांबूस पालवी दिसली, तिच्यातून वर आलेले दोन गोल कान दिसले, आणि कान दिसल्यावर मग त्यांच्याखालचं सगळं दिसलं. तो बसलेला होता. मायच्या मागं, फार तर वीस पावलांवर. तो माझ्याकडे पाहत नव्हता. माय वाकून वेचत होती आणि तो तिच्या पाठीकडे पाहत होता.

मी हाक मारायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. तेच. स्वप्नात असं होतं, पण स्वप्नात पायाखाली फुलांचा चिकट ओलावा लागत नाही. तो मला लागत होता. परकरातून पायावर गरम ओघळ आला तोही कळला. मग कुठून तरी आवाज आला, बारीक, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा.

"माय."

"काय व? कॅसेट पलटव ना," ती वर न पाहता म्हणाली.

"माय, उभी राय."

"काहून?"

"राय म्हणतो ना उभी."

तिनं मान वर केली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं मला ठाऊक नाही, पण तिला दुसरं काही विचारावं लागलं नाही. ती हळूच सरळ झाली. वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, उभं राहिलं की माणूस दिसतं, असं आमच्याकडे म्हणतात. सायत्रा वाकलेलीच होती. माय उभी राहिली, टोपली तिनं कंबरेवर घेतली, आणि मागं पाहिलं नाही.

"लांब आहे का?" तिनं विचारलं. ओठ फारसे हलले नाहीत.

"ये," मी एवढंच म्हटलं.

ती चालू लागली. विहिरीवरून भरली घागर आणताना चालते तशी, एकेक पाऊल टाकत. मला तिच्याकडेही पाहायचं होतं आणि तिच्या खांद्यावरून मागंही. तो उठला. उठताना पालवी हलली. तो उठून उभा राहिला तेव्हा मला वाटलं, आता ही येणारच नाही. माय माझ्याकडे चालत येते आहे आणि ती पोचणार नाही. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. भागरताकाकू होती. तिनं त्याला पाहिलं. ती ओरडली नाही. शेजारणीशी बोलावं तशा रोजच्या आवाजात, पण मोठ्यानं, ती त्याच्याशी बोलू लागली.

"जाय बापा. जाय आपल्या वाटेनं. एक नेली तू. तिचे लेकरं माह्या घरी आहेत. त्यायले मी जेवू घालतो. आता हे नको नेऊ. हिची पोट्टी हे इथं उभी आहे. जाय."

ती बोलत राहिली. बाकीच्या बायाही आमच्याजवळ येऊन चिकटून उभ्या राहिल्या. माय पोचली. तिनं माझा हात धरला तेव्हा तिचा हात माझ्याहून गार होता. मी परत पाहिलं तर कान दिसेनात. झुडपं स्थिर होती. वांदरं अजून ओरडत होती, पण आता त्यांची तोंडं नाल्याच्या बाजूला वळली होती.

आम्ही पळालो नाही. पळू नको, पळू नको, असं एकमेकींना सांगत, एकीच्या लुगड्याला दुसरीनं धरून टोलीपर्यंत आलो. टेप तिथंच वारुळावर राहिला. तो आणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. वाटेत भागरताकाकू एकदाच बोलली. "वांदरं सांगून रायले होते व. आपुन गाणे आयकत होतो."

घरी आल्यावर मायनं चूल पेटवली. डाळ घातली, भात घातला. डाळीत मीठ दोनदा पडलं. आम्ही ताटं वाढून घेतली आणि तशीच ठेवली. दुपारी भर उन्हात तिनं दार लावून घेतलं, कडी घातली आणि कडीत पळी खुपसली. तिला ताप भरला. झोपेतून ती दचकून उठायची आणि मी कुठं आहे ते हातानं चाचपून पाहायची. दुसऱ्या दिवशी माणसं नाकेदाराला घेऊन गेली आणि टेप घेऊन आली. टेपाला काही झालं नव्हतं. नाकेदार ओसरीवर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, राखेत पंजे आहेत, मायच्या झाडापासून वारुळापर्यंत आणि वारुळाला वेढा घालून. "वाजणं बंद झाल्यावर काय आहे ते पाहाले आला असंन," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकवायला सांगत होता, पण मायचं तोंड पाहून उठून निघाला. बाबा येईपर्यंत मी टेपाला हात लावला नाही. त्याच्या जाळीवर नाक टेकवून कुणी हुंगलं असेल असं मला वाटायचं.

बाबा आले. त्यांना रस्त्यातच कळलं होतं. ते म्हणाले, "आता नाई जायचं. झालं एवढं पुरे." माय त्यांना जेवायला वाढत होती. ती म्हणाली, "अजून आठ-पंधरा दिवस फुलं आहेत. भागरता जाऊन रायली. तिले एकटीले कशी धाडू?" बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मंदीले नेऊ नको." पण मला घरी बसून तिची वाट पाहणं जमणार नव्हतं. झाडाखाली भीती होती, तरी तिथं माय डोळ्यांसमोर होती. घरी नुसतीच भीती राहिली असती. मी म्हटलं, "मी जाईन. मले कॅसेट बदलवू द्या."

नवी भरायला वेळही नव्हता आणि सेलही नव्हते. मी आहे तीच घेतली आणि घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, चिंचेखाली बसले. प्रत्येक गाणं संपायच्या आधी दोन्ही बटणं दाबायची, म्हणजे पुढचं पुसलं जायचं. आतल्या माइकमधून भरली जायची ती भोवतालची शांतता. जिथं मी बोटानं चकती फिरवून फिरवून जागा मिटवल्या होत्या, तिथंच आता जागा करत गेले. एक गाणं, मग चांगली लांब शांतता. पुन्हा गाणं, पुन्हा शांतता. दुपारची टोली झोपली होती. कोंबड्यांना मी कोंडून ठेवलं होतं. मी श्वाससुद्धा तोंडावर हात धरून घेत होते.

पुन्हा गेलो त्या पहाटे बायांना हे मी आधीच समजावून सांगितलं होतं. गाणं थांबलं की सगळ्यांनी उभं राहायचं, ऐकायचं. एकीनं कुरकुर केली, "मंग टेप कायले नेतो?" भागरताकाकू म्हणाली, "चाल व तू." पहिलं गाणं संपलं. आम्ही उभ्या राहिलो. वारा होता, फुलं पडत होती, दूर मोर ओरडत होता. दुसरं काही नव्हतं. गाणं सुरू झालं, आम्ही वाकलो. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा शांतता पडली आणि त्या शांततेत, वारुळावरून, मायचा घाबरलेला आवाज आला.

"मंदे, कुठं आहेस व?"

सगळ्या जागच्या जागी थिजल्या. माय तर झाडाखाली उभी होती, तोंड मिटून. मला क्षणभरानं उमजलं. त्या दुपारी मी शांतता भरत होते तेव्हा ती घरात दचकून उठली होती आणि मी दिसेना म्हणून तिनं दारातून हाक मारली होती. भरणं मोडू नये म्हणून मी ओ दिली नव्हती, नुसता हात वर केला होता. मला वाटलं होतं, एवढ्या लांबचा आवाज आत जाणार नाही.

"अवं, हे तं तूच आहेस," भागरताकाकू मायला म्हणाली, आणि सायत्रा गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली.

माय हसली नाही. ती टेपाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "घरी गेल्यावर पुसून टाकतो."

"नको पुसू," ती म्हणाली. "मंग ओ दे ना आता."

"हाव माय," मी म्हटलं. "इथंच आहो."

फुलं सरेपर्यंत आम्ही रोज गेलो. तो पुन्हा दिसला नाही. एकदा वांदरं बोलली तेव्हा आम्ही टोपल्या अर्ध्या टाकून परत आलो, एवढंच. माझी भीती मात्र शेवटच्या दिवसापर्यंत गेली नाही. मायचीही गेली नसावी. रोज पहाटे त्या ठरलेल्या जागी टेपातून तिचा आवाज मला विचारायचा, कुठं आहेस व. माझे हात भरलेले असोत की मी कुठल्याही झाडाआड असो, मला मोठ्यानं उत्तर द्यावं लागे. मी ओ देईपर्यंत माय वाकत नसे.